शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी रुळलेली आहे की, तिच्या पोटात एक अवघड प्रश्न दडला आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परीक्षा करावी खरी. पण किती शितांवरून? एकच शीत चेपून पाहिले, तर वरचा भात शिजलेला आणि तळचा करपलेला निघण्याचा संभव आहे. सगळीच शिते चेपून पाहावीत, तर मग पंक्तीला वाढायचे काय? परीक्षा थोडक्यात आणि थोड्या खर्चात उरकली पाहिजे, आणि तरीही तिच्यावर भरवसा ठेवता आला पाहिजे. या प्रश्नाचे गणिती उत्तर ज्याने शोधले तो कोणी प्राध्यापक नव्हता. डब्लिन शहरातील एका बिअरच्या कारखान्यात तो नोकरीस होता.

बिअरचे नाव काढताच आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ती प्यावी की न प्यावी, हा माझा आजचा विषय नव्हे. एक नाजूक, नासका पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार करणाऱ्या लोकांना तपासणीची विद्या कशी हस्तगत झाली, आणि ती महाग विद्या लहान माणसाच्या आवाक्यात कशी आली, एवढेच मला सांगावयाचे आहे.

बिअर करण्याची रीत थोडक्यात अशी. सातूला मोड आणून ते वाळवतात. यालाच माल्ट म्हणतात. ते भरडून गरम पाण्यात भिजत घातले म्हणजे गोड काढा मिळतो. हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालून तो उकळतात, निववतात आणि मग त्यात किण्व, म्हणजे यीस्ट, सोडतात. काढा निवल्यापासून पुढचा सारा काळ धोक्याचा. हवेतून, नळीतून, लाकडाच्या फटीतून एखादा नको असलेला जंतू आत शिरला की आंबट, बुळबुळीत किंवा दुर्गंधी पेय पदरात पडते. मोठ्या कारखान्याची एक टाकी नासली, तर तो नफ्यातोट्याच्या हिशेबातील एक ओळ होते. लहान कारखानदाराजवळ टाक्याच चार असतात; त्यांतील एक गटारात ओतावी लागली, तर त्याचा महिना बुडाला. म्हणजे तपासणीची गरज लहानाला अधिक आणि ती परवडते मात्र मोठ्याला. हा पेच आजचा नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बिअर करणाऱ्याची उपकरणे म्हणजे त्याचे बोट, नाक आणि जीभ. इंग्लंडात हॅम्पशायर परगण्यातील आल्टन गावी जेम्स बॅव्हरस्टॉक नावाचा एक तरुण होता. त्याने १७६८ च्या सुमारास एक घनतामापक विकत घेतला. गवळ्याच्या दुधात बुडवायचा लॅक्टोमीटर आपण पाहिलेला आहे. त्याच जातीचे हे उपकरण. द्रव जितका दाट, तितके ते वर तरंगते. काढ्यात साखर किती उतरली हे त्यावरून कळते, आणि आंबल्यावर पुन्हा बुडवले म्हणजे त्यातील किती साखर खर्ची पडली तेही कळते. बॅव्हरस्टॉकच्या वडिलांना असले नवे चाळे खपत नसत. म्हणून चिरंजीवांना हे उपकरण लपवून वापरावे लागे. पुढे तो लंडनला सॅम्युएल व्हिटब्रेड या बड्या कारखानदारास भेटला, तेव्हा त्या गृहस्थाने त्याला हवेतले मनोरे सोडून घरचा धंदा सांभाळण्याचा उपदेश करून वाटेस लावले, अशी हकीकत सांगतात. हेन्री थ्रेल या दुसऱ्या कारखानदाराने मात्र त्याचे म्हणणे ऐकून घेतले.

१७८४ साली हल शहरच्या जॉन रिचर्डसनने या मापनावर पुस्तक लिहिले, आणि धंद्याचे डोळे उघडले. लंडनची काळसर पोर्टर बिअर तेव्हा तपकिरी माल्टपासून करीत. हे माल्ट बाजारात स्वस्त. परंतु फिकट माल्टमधून काढ्यात उतरणारा अर्क त्याहून कितीतरी अधिक असतो, हे मापकाने दाखवून दिले. पोतडीचा भाव पाहून जे स्वस्त वाटत होते ते अर्काच्या हिशेबाने महाग निघाले! कारखानदार फिकट माल्टकडे वळले. मग पोर्टरला काळा रंग आणायचा कशाने, ही नवीच विवंचना उभी राहिली, आणि १८१७ साली डॅनियल व्हीलरने कॉफीसारखे भाजलेले माल्ट काढले तेव्हा ती मिटली. एका तरंगत्या मापकाने एका शहराच्या पेयाची घडणच बदलून टाकली, असे म्हणण्यास हरकत नाही.

व्हिटब्रेडच्या कारखान्याची गोष्ट मात्र येथे संपत नाही. १८७१ च्या सप्टेंबरात त्या कारखान्याच्या दारात लुई पाश्चर उभा राहिला. जर्मनांशी झालेल्या युद्धात फ्रान्सचा पराभव नुकताच झाला होता, आणि निदान बिअरच्या बाबतीत तरी जर्मनांवर मात करावी या ईर्ष्येने पाश्चरने हा विषय हाती घेतला होता. त्याने पोर्टरचे थोडे किण्व मागून घेतले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यात नको ते जंतू आहेत हे सांगितले. ग्राहकांच्या तक्रारी येत असल्याची कबुली व्यवस्थापकांनी दिली. आठवडाभराच्या आत पाश्चर पुन्हा तेथे गेला, तो कारखान्यात नवा सूक्ष्मदर्शक येऊन दाखल झालेला! शंभर वर्षांपूर्वी ज्या घराने घनतामापकाला नकार दिला, त्याच घराने सूक्ष्मदर्शकाला आठ दिवसांचाही अवधी लावला नाही.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग कारखान्याचा मालक जे. सी. याकोबसन याने १८७५ साली आपल्या कारखान्याला जोडून प्रयोगशाळा काढली, आणि तेथे लागलेला कोणताही महत्त्वाचा शोध गुप्त ठेवावयाचा नाही असा दंडक घातला. व्यापाऱ्याने असा नियम करावा याचे मला राहून राहून नवल वाटते. या प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियन हान्सनने एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध किण्व तयार केले, आणि १२ नोव्हेंबर १८८३ रोजी ते प्रथम कारखान्यात वापरले गेले. ते किण्व इतर कारखानदारांनाही मिळाले. त्याच वर्षी योहान क्येल्डालने धान्यातील नत्र मोजण्याची रीत दिली, आणि १९०९ साली सोरेनसनने आम्लता मोजण्याचे पीएच हे माप. आज शाळेतील मुले ज्या रंगीत कागदाने लिंबाच्या रसाची आम्लता पाहतात, तो कागद याच मापाने आम्लता दाखवतो. कोपनहेगनमध्येच आल्फ्रेड योर्गेनसनने १८८१ साली एक स्वतंत्र प्रयोगशाळा उघडली होती. ज्यांना स्वतःचा शास्त्रज्ञ पगारावर ठेवणे परवडत नाही, त्यांच्या नमुन्यांची तपासणी तेथे होई.

येथपर्यंतची कथा लाभाची झाली. तपासणी न केल्याचे मोल किती भारी पडते, ते १९०० साली मँचेस्टर शहराने पाहिले.

त्या वर्षी मँचेस्टर, सॅलफर्ड आणि आसपासच्या गावांत हातापायांच्या नसा दुखणे, पाय लुळे पडणे, अशा तक्रारींचे रोगी एकाएकी वाढले. बहुतेक सारे गरीब मजूर, आणि त्यांत स्त्रियाही पुष्कळ. अतिमद्यपानाने असा मज्जारोग होतो हे डॉक्टरांना ठाऊक होते. त्यामुळे निदान सोपे झाले. दारुडे लोक, त्यांना दारूचा रोग! माणूस गरीब आणि पिणारा असला म्हणजे त्याच्या दुखण्याचे कारण अधिक शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही. गरिबांसाठी असलेल्या तेथील इस्पितळात अर्नेस्ट रेनॉल्ड्स नावाचे डॉक्टर होते. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. रोग्यांची कातडी काळवंडत होती, तळहात-तळपाय जाड होत होते, अंगावर नागीण उठत होती. नुसत्या मद्याने असे होत नाही. दुसरे असे की, कडक दारू पिणारे बचावत होते आणि स्वस्त बिअर पिणारे अंथरुणाला खिळत होते. त्वचारोगांवर औषध म्हणून त्या काळी सोमल देत, आणि त्याचे दुष्परिणाम नेमके असेच असतात, हे रेनॉल्ड्सच्या ध्यानात आले.

मग त्यांनी काय केले? रोगी जी बिअर पीत होते ती मिळवली आणि तिच्यावर राइन्शची कसोटी केली. ही कसोटी ह्यूगो राइन्श या जर्मन रसायनज्ञाने १८४१ साली दिलेली, म्हणजे तेव्हाच जवळजवळ साठ वर्षांची जुनी होती. संशयित द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल घालावयाचे, त्यात तांब्याची घासून लख्ख केलेली पातळ पट्टी टाकावयाची आणि उकळावयाचे. सोमल असेल तर पट्टीवर करडे-काळे पुट चढते. ती पट्टी कोरड्या काचनळीत तापवली की नळीच्या थंड भागावर सोमलाचे पांढरे स्फटिक जमतात. तांब्याचा तुकडा, थोडे आम्ल, एक दिवा, एक नळी. कोणत्याही औषधविक्याच्या दुकानात मिळणारे साहित्य! पट्टी काळी पडली. नोव्हेंबर १९०० मध्ये रेनॉल्ड्सनी आपला निष्कर्ष जाहीर केला.

पुढचा माग लागण्यास वेळ लागला नाही. स्वस्त बिअरमध्ये माल्टच्या जोडीला साखर वापरीत. ती लिव्हरपूलजवळच्या गारस्टन येथील बॉस्टॉक कंपनीची होती, आणि ती साखर तयार करताना गंधकाचा तेजाब वापरला जाई. तेजाब लीड्सहून येई. पूर्वी तो सोमलरहित असे. १९०० साली मात्र सोमलयुक्त लोहमाक्षिकापासून केलेला अशुद्ध तेजाब येऊ लागला. तेजाब विकणाऱ्याचे म्हणणे असे की, त्याचा उपयोग खाण्याच्या पदार्थात होतो हे आम्हांला सांगितलेलेच नव्हते. साखर करणाऱ्याने तेजाब तपासला नाही, बिअर करणाऱ्याने साखर तपासली नाही, आणि विकणाऱ्याने बिअर तपासली नाही. प्रत्येकाने आपल्या मागच्यावर विश्वास टाकला. सुमारे सहा हजार लोक आजारी पडले, आणि निदान सत्तर दगावले.

सरकारने १९०१ साली लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. १९०३ च्या अंतिम अहवालात आयोगाने एका गॅलन पेयात सोमल ग्रेनच्या शंभराव्या हिश्शाइतके नसावे, अशी मर्यादा सुचवली. दगडी कोळशाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टमध्येही सोमल उतरतो, हे या चौकशीतच स्पष्ट झाले. म्हणजे साखरेला हात न लावणारा कारखानदारही निर्धास्त राहू शकत नव्हता. मँचेस्टरमध्ये उणीव होती ती यंत्राची नव्हती, पैशाचीही नव्हती. कसोटी साठ वर्षे पुस्तकात पडून होती. ती करून पाहावी असे कोणाला वाटले नाही, इतकेच.

आता डब्लिनला जाऊ. गिनेस कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यापीठांतून रसायनशास्त्राचे हुशार पदवीधर निवडून नोकरीस घेण्याचा परिपाठ सुरू केला होता. १८९९ साली ऑक्सफर्डहून विल्यम सीली गॉसेट हा असाच एक तरुण तेथे आला. रसायनशास्त्राबरोबर त्याने गणितही शिकलेले होते, आणि सहकारी आपले आकडे घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. अडचण सर्वांची एकच. माल्टच्या एका नमुन्यातून किती अर्क निघतो हे पाहिले, तर प्रत्येक तपासणीचे उत्तर थोडेसे वेगळे येते. सातूच्या दोन जातींची तुलना करावयाची तर शेतात पेरून वर्षभर थांबावे लागते. तपासणीला श्रम, वेळ आणि पैसा लागतो. म्हणून ती चार-दोनदाच होणार. आणि तत्कालीन संख्याशास्त्र तर शेकडो निरीक्षणांवाचून बोलावयास तयार नव्हते.

१९०४ साली गॉसेटने कंपनीच्या वरिष्ठांसाठी एक अहवाल लिहिला. माल्टच्या अर्काचे उत्तर खऱ्या किमतीच्या अर्ध्या अंशाच्या आत येण्याची शक्यता किती, हे त्याने त्यात मांडले. दोन तपासण्या केल्या तर ही शक्यता चारास एक. तीन केल्या तर सातास एक. चार केल्या तर बारास एक. पाच केल्या तर एकोणिसास एक. आणि ब्याऐंशी केल्या तर शंकाच उरत नाही. दहास एक एवढी खात्री कारखान्याला पुरेशी असेल, तर चार तपासण्या बस्स! पाचवीचा खर्च करावयाचा की नाही, हे आता अंदाजाने ठरवण्याचे कारण उरले नाही. किती शिते चेपावीत या प्रश्नाला मिळालेले हे पहिले रोकडे उत्तर.

त्याचा १९०७ सालचा पहिला शोधनिबंध तर किण्वाच्या पेशी मोजण्याविषयीचा आहे. डॉक्टर रक्ताचे कण मोजण्यासाठी बारीक चौकोन आखलेली एक काच वापरतात. तिच्यावर किण्वाचे पाणी घालून पेशी मोजल्या, तर त्या मोजणीत चूक किती राहते, हे त्याने एका चौरस मिलिमीटरच्या ४०० चौकोनांतील पेशी मोजून दाखवले. १९०६-०७ या वर्षी तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पियर्सन यांच्याजवळ राहिला. पियर्सन यांचा सारा ओढा हजारो निरीक्षणांकडे. गॉसेटने तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांचे आकडे घेतले, ते पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिले, पत्त्यांसारखे पिसले आणि चार-चारांचे साडेसातशे गट पाडून आपले गणित ताडून पाहिले. १९०८ साली हा निबंध ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात छापून आला. नोकरांनी स्वतःच्या नावाने काही प्रसिद्ध करू नये, असा कंपनीचा नियम असल्यामुळे लेखकाचे नाव होते ‘स्टूडंट’, म्हणजे विद्यार्थी. आज जगातील प्रत्येक विद्यापीठात संख्याशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी स्टूडंटची टी-कसोटी शिकवतात, ती हीच. गॉसेट १९३७ साली वारला, तोपर्यंत कंपनीच्या लंडनमधील नव्या कारखान्याचा कारभार त्याच्याकडे आलेला होता.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. लंडनच्या त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात १९३० नंतरच्या दशकात सातारा जिल्ह्यातील बुध गावचा एक तरुण संख्याशास्त्र शिकत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्यांचे नाव. हिंदुस्थानात परतल्यावर शेतातील थोडेसे तुकडे निवडून, तेवढ्याच भागाची कापणी व मोजणी करून सबंध पिकाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीवर त्यांनी मोठे काम केले. बिअरचा सातू आणि आपल्या तोंडचा भात-गहू यांचे नाते असे निघते.

आज जगभर लहान बिअर-कारखान्यांचे पुन्हा पेव फुटलेले आहे. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ नावाचा असा कारखाना निघाला. (हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून पडलेल्या एका इंग्रजी शब्दाचे आहे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथील छावणीत खितपत पडलेल्या गोऱ्या सैनिकांचे डोके फिरे, म्हणून वेडसर झालेल्या माणसाला ते लोक ‘डूलाली’ म्हणू लागले.) अशा लहान कारखानदारापुढचा पहिला मोह म्हणजे महागडे यंत्र घेण्याचा. ते यंत्र भिंतीशी झाकून ठेवलेले राहते, कारण ते चालवणारा माणूस परवडत नाही. माझ्या मते खर्चाची सुरुवात दुसऱ्या टोकाने व्हावी. एक चांगला घनतामापक, एक तापमापक, आम्लता दाखवणारे लहानसे उपकरण, एक साधा सूक्ष्मदर्शक आणि गॉसेटने वापरली तशी चौकोनांची काच, एवढ्यावर पुष्कळ काम निभावते. किण्वाच्या पाण्यात मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाचा थेंब टाकला की मेलेल्या पेशी निळ्या होतात आणि जिवंत पेशी बिनरंगाच्या राहतात; मोजणी करणाऱ्याला ताजे किण्व कोणते आणि टाकून देण्याजोगे कोणते, हे काही मिनिटांत कळते.

याहून स्वस्त कसोट्याही आहेत. उकळून निवलेला काढा किण्व घालण्यापूर्वी एका निर्जंतुक बाटलीत थोडासा काढून घ्यावा आणि तसाच ऊबदार जागी ठेवावा. दोन-तीन दिवसांतच तो गढूळ झाला किंवा त्यातून वायू सुटू लागला, तर नळ्या नि भांडी नीट धुतली जात नाहीत हे सिद्ध झाले. दुसरी कसोटी नाकाची. अपुऱ्या आंबलेल्या बिअरमध्ये एक असा पदार्थ दडून राहतो की, बाटलीत भरल्यावर काही दिवसांनी त्यापासून लोण्यासारखा वास सुटतो. तो आज ओळखता यावा म्हणून बिअरचे दोन नमुने घ्यावेत. एक झाकून साधारण साठ ते सत्तर अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवावा, निववावा, आणि दुसऱ्या न तापवलेल्या नमुन्याशेजारी धरून वास घ्यावा. तापवलेल्याला लोण्याचा वास आला, तर टाकी अजून काही दिवस तशीच राहू द्यावी. येथे यंत्र म्हणजे गरम पाण्याचे भांडे!

सोमल, शिसे यांसारख्या विषांची तपासणी मात्र घरच्या घरी होणार नाही. राइन्शची तांब्याची पट्टी मँचेस्टरचे भरमसाट प्रमाण दाखवू शकली. आजच्या मर्यादा तिच्या पकडीत येत नाहीत. तेथे योर्गेनसनचा मार्ग धरावा लागतो. आपल्याकडे दुधाच्या संकलन केंद्रावर प्रत्येक गवळ्याने स्वतःची प्रयोगशाळा थाटलेली नसते. दुधातील स्निग्धांश तपासण्याची सोय सगळ्यांची मिळून एकच असते. आसपासच्या पाच-सात लहान कारखानदारांनी एक वाकबगार तपासनीस मिळून ठेवला, माल्टच्या प्रत्येक खेपेचे आणि पाण्याचे नमुने त्याच्याकडे पाठवले, आणि नमुना घेताना पोत्याच्या तोंडाशी न थांबता तळापर्यंत हात घातला, तर एकेकाच्या वाट्याला येणारा खर्च एका नासलेल्या टाकीपेक्षा पुष्कळच कमी राहील.